मेरीमाता पाण्यात

"मेरी कुठंय? अरे, मी काय विचारतोय, मेरी कुठंय?"

आप्पा देवघरापुढं उभे राहून ओरडत होते. आप्पा, म्हणजे माझे आजोबा, ओरडले की शहागंजचं घड्याळ दचकून दोन मिनिटं पुढं जायचं, असं आमच्या औरंगपुऱ्यात सगळे मानत. फर्दापूरला माझी आत्या राहायची आणि तिचे यजमान लेणी बघायला येणाऱ्यांना चहा-सोडा विकायचे. तिथं चार दिवस राहून आप्पा नुकतेच परतले होते. एसटीची धूळ अंगावर तशीच होती, धोतराचा रंग बिस्किटासारखा झाला होता, आणि देवाला नमस्कार करायला वाकलेले आप्पा तसेच अर्धे वाकून गर्जना करत होते. शेजारच्या काकू खिडकीतून डोकावल्या. "कोण हरवलं हो? नवी कामवाली का?" बिचाऱ्या नव्यानंच राहायला आल्या होत्या, त्यांना आमच्या घरची मेरी ठाऊक नव्हती.

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. मिलोची. त्या वर्षी रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला सगळे मिलो म्हणत, आणि तिची भाकरी इतकी चिवट व्हायची की दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकदा सायकलच्या पंक्चरवर तिचा तुकडा लावला आणि चिकलठाण्याच्या फॅक्टरीत जाऊन परत आले. त्या भाकरीबरोबर येसराची आमटी असायची, म्हणून गिळली जायची. आई थापणं न थांबवता म्हणाली, "पाण्यात आहे."

"कशात?"

"पाण्यात. सगळ्या देवांबरोबर."

 आप्पा हळूच खाली बसले आणि देवघराच्या पायरीला हात लावून राहिले, जणू घरातलं माणूस इस्पितळात आहे असं कुणी सांगितलंय.

आता ही मेरी कोण, ते सांगायला हवं. आमच्या घराण्याचं कुलदैवत तुळजापूरला आणि शाळा मिशनची, ही व्यवस्था आप्पांच्या वडिलांनी लावून दिली होती. ते भिक्षुकी करायचे. नुसत्या पोथ्या वाचून निजामाच्या राज्यात पोराचं पोट भरणार नाही, उर्दूबरोबर इंग्रजीही पाहिजे, एवढं त्यांना बरोबर कळलं होतं. एके दिवशी सोवळ्यातच ते आप्पांचा कान धरून छावणीच्या वाटेवरच्या फादरांच्या शाळेत गेले, पोराला आत ढकललं आणि घरी येऊन आंघोळ केली. आप्पांनंतर दादा त्याच शाळेत गेले, दादांनंतर मी. माझी मुलगीही गेली. आता नात जाते. तिची पिवळी बस शेंद्र्याकडच्या कॉलन्यांतली पोरं गोळा करत येते, आणि ती सुटू नये म्हणून सकाळी आमच्या घरात जी धावाधाव चालते तिच्यात मला पाचही पिढ्यांच्या चपला वाजताना ऐकू येतात. नातीला हे सांगितलं तर ती म्हणते, "आजोबा, डबा द्या आधी."

त्या शाळेत ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षण असायचं आणि उरलेल्यांना नीतिशास्त्र. नीतिशास्त्राची तोंडी परीक्षा थोरले फादर स्वतः घेत. जो पहिला येई त्याच्या घरी मेरीमातेची हातभर उंचीची मूर्ती वर्षभर राहायला जाई. सप्टेंबरात मेरीमातेच्या वाढदिवसाला ती परत आणायची, मैदानाला एक फेरी निघायची, आणि मग ती पुढच्या मुलाच्या घरी जायची. मूर्ती विलायतेहून बोटीनं आलेली, असं सगळे सांगत. आप्पा पहिले आले होते. दादा पहिले आले होते. मीही पहिला आलो, आणि यात माझी हुशारी म्हणाल तर एवढीच, की थोरल्या फादरांनी तीन पिढ्यांत एकही प्रश्न बदलला नव्हता. रस्त्यात पाकीट सापडलं तर काय कराल, खोटं बोलून सुटता येत असेल तर काय कराल, असले प्रश्न. कुणाच्या घरात देशमुखी चालत येते, आमच्या घरात त्यांची उत्तरं चालत आली होती.

मेरी घरी आली ती थेट देवघरात. तीन खोल्यांच्या घरात दुसरीकडं ठेवणार कुठं? बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा जरा सरकून बसले. निळा पदर, जोडलेले हात, खाली पाहणारे डोळे आणि पायांत नाजूक जोडवी. विलायतेतल्या सगळ्या बायका जोडवी घालतात असं मी बरीच वर्षं समजत होतो. आप्पांनी तिच्याबाबत एकच नियम घातला होता: मेरीला पाणी लावायचं नाही. कोरड्या फडक्यानं पुसायची, बस. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तसे आप्पा सुईपासून सुलतानापर्यंत कशावरही तासभर बोलत. पण ते शाळेत असताना मेरी त्यांच्या घरी राहिली त्या वर्षाबद्दल विचारलं, की एवढंच म्हणत, "आली, राहिली, गेली."

आणि मग तो दुष्काळ. लोक म्हणतात पाऊस कमी झाला. कमी कुठला, त्या वर्षी ढग आमच्या शहरावरून जाताना बूट हातात घेऊन जात होते. दूधवाल्याला दुधात घालायला पाणी मिळेना, म्हणून आम्ही आयुष्यात पहिल्यांदा खरं दूध प्यालो आणि घरातल्या सगळ्यांची पोटं बिघडली. खाम नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत. आमच्या घरात तोंड धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं फरशीला, फरशीचं तुळशीला, आणि तुळशीच्या कुंडीखालून गळलेलं दादा तांब्यात धरून पुन्हा आत आणत. तेच पाणी इतके दिवस घरात फिरत राही की आम्ही त्याला चेहऱ्यानं ओळखायला लागलो होतो. बाहेर दिवसभर बोअर पाडायच्या यंत्राची धडधड, आणि टँकरचा भोंगा वाजला की घागरींचा असा खणखणाट, की लढाईला फौज निघाली आहे असं वाटावं.

गंमत अशी, की पाणी आटत होतं आणि शहर मात्र फुगत होतं. खेड्यांतून माणसं कामाला येत होती. चिकलठाण्याला कारखाने निघाले होते आणि त्यांच्याबरोबर मुंबई-पुण्याचे साहेब आले होते, पायांत मोजे घातलेली पोरं घेऊन. ते मोजे पाहिल्यावरच आई नवस बोलायला लागली होती, कारण माझ्या धाकट्या बहिणीला, बेबीला, त्या वर्षी शाळेत घालायचं होतं. तोवर त्या शाळेत आमच्या घरचं मूल नेऊन उभं केलं की काम होत असे. त्या वर्षी दादा गेले तर फाटकाशी मोटारी उभ्या. थोरले फादर म्हणाले, "सणाला मूर्ती आणचाल ना, तवा पोरीलाबी आणा. बघू." आमच्या घराण्याला त्या शाळेनं 'बघू' हा शब्द पहिल्यांदाच ऐकवला होता. दादा घरी येऊन तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होते, एखादं कडू औषध जिभेवर फिरवावं तसं. बेबीला मात्र कसलीच काळजी नव्हती. माझी जुनी टाय कमरेला बांधून ती घरभर हिंडत होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "मी शाळेत जाते" असं सांगत होती.

अर्धा श्रावण कोरडा गेला तेव्हा गल्लीतल्या बायकांनी देव पाण्यात ठेवले. आमच्याकडं ती जुनी रीत: देवांनी पाण्यात बसायचं आणि पाऊस आल्याशिवाय वर यायचं नाही. आप्पा फर्दापूरला गेले त्याच दिवशी आईनं तांब्याचं घंगाळ काढलं, टँकरचं आमच्या वाट्याचं आख्खं पाणी त्यात ओतलं आणि एकेक देव आत बसवला. मेरीशी हात थांबला. आप्पांचा नियम तिला ठाऊक होता. पण सगळे देव गावासाठी गळ्यापर्यंत बुडालेत आणि ही एकटीच कोरडी कशी ठेवायची? वर्षभर घरात राहिलेली, घरचंच माणूस. "उद्या म्हणाली असती, मला परकी धरली," आई आप्पांना सांगत होती. "शिवाय बेबीचं काम तिच्याच शाळेत आहे. तिला नाराज करून कसं चालेल?" आईनं तिला मधोमध बसवली होती, वर स्वच्छ फडकं झाकलं होतं, आणि रोज बाहेरूनच नमस्कार करत होती.

दादांनी फडकं काढलं. बाळकृष्ण होता, अन्नपूर्णा होती, महादेवाची पिंड होती. मधोमध चिखलाचा एक गोळा होता, त्यावर निळ्या रंगाचा तवंग होता आणि तवंगावर तरंगत होती काथ्याची शेंडी. आईनं पदर तोंडाला लावला. त्या दिवशी आई रडली ती मूर्तीसाठी की बेबीसाठी ते मी तिला कधी विचारलं नाही. चुलीवरची भाकरी जळाली आणि ती मिलोची असूनही कुणाला वाईट वाटलं.

दादा फॅक्टरीत सुपरवायझर, त्यांना प्रत्येक वस्तू कशाची बनलीय ते बघायची खोड. त्यांनी चिखल बोटांत चोळला. "आप्पा, ही तर खामच्या काठची माती दिसते."

"विलायतेत नद्या नाहीत का?" आप्पा म्हणाले.

"आणि हा काथ्या?"

"जहाजांचे दोर कशाचे असतात? वकिली करू नकोस."

आप्पा निजामाच्या कचेरीत पेशकार होते, साहेबापुढं खटल्यांचे कागद मांडण्यात आयुष्य गेलेलं. त्यांच्यासमोर दादांचं काय चालणार?

मग खलबत सुरू झालं. दादा म्हणाले, सरळ जाऊन फादरांना सांगू, घडलं ते घडलं. आप्पा म्हणाले, "बिलकुल नाही. सणाच्या दिवशी रिकाम्या हातानं जायचं आणि म्हणायचं, तुमची माता आम्ही विरघळवली, आता आमची पोर घ्या? बाहेर मोजेवाले टपून बसलेत." दादा म्हणाले, "पण आप्पा, हे खोटं होईल." आप्पा म्हणाले, "खोटं बोलणं वाईट. इथं कुणी बोलणारच नाहीये." तर असे नीतिशास्त्रात पहिले आलेले आम्ही तिघं घंगाळाभोवती बसून दुसरी मेरी कुठं मिळेल याचा विचार करत होतो, आणि जिला नीतिशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं ती आई एकटीच म्हणाली, "दुसरी कशाला? हीच पुन्हा घडवून आणा. माती हीच, पाणी हेच. मग ती तीच झाली ना?"

आप्पांनी सुनेकडं अशा नजरेनं पाहिलं, की निजामानं पाहिलं असतं तर जहागीर दिली असती.

देव वर काढून ताटात ठेवले. घंगाळावर फडकं बांधलं, टांगा आणला आणि आम्ही निघालो: आप्पा, मी आणि मांडीवर डुचमळणारी मेरीमाता. रस्त्यानं आप्पा दर खड्ड्याला टांगेवाल्याला सांगत होते, "मियाँ, आहिस्ता. अंदर ज़नाना है." टांगेवाला मागं वळून पाही आणि त्याला घंगाळ दिसे. शहागंजच्या मागच्या बोळांत आप्पा कुणालाही न विचारता वळत गेले, डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं, आणि एका कुंभाराच्या दारात थांबले. गणपती आणि महालक्ष्म्यांचे दिवस जवळ आलेले, अंगणभर मुखवटे वाळत होते. एक तरुण कुंभार पुढं आला. त्याचं नाव किसन.

"तुझा बाप कुठंय?" आप्पांनी विचारलं.

"गेला की. दोन वर्सं झाली."

आप्पांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "मग तुलाच करावं लागेल."

किसननं घंगाळात हात घातला, गोळा दाबून पाहिला. "माती वळखीची वाटती," तो म्हणाला.

"माती सगळी सारखीच," आप्पा म्हणाले. "तू हात चालव."

त्याला मळायला पाणी नव्हतंच, म्हणून आमचं आख्खं घंगाळ त्याला फार आवडलं. आप्पा बाजेवर बसून मूर्ती सांगू लागले, आणि काय सांगत होते: पदराची चुणी कुठं पडते, बोटं कशी जुळलेली, मान किती झुकलेली. मी तिला वर्षभर रोज पाहिली होती तरी मला निम्मं आठवत नव्हतं. किसनचे हात मात्र महालक्ष्म्यांना सरावलेले. तो मान झुकवी आणि ती आपोआप ताठ होई. डोळे खाली पाडी आणि ते आपोआप टपोरे होत. नाक तर असं धारदार आलं, की नथ कुठंय असं कुणीही विचारावं. "आजोबा," त्यानं विचारलं, "पायात जोडवी घालू का? बाईमाणूस हाय."

"या खेपेला नको," आप्पा म्हणाले.

मी त्या नाकाकडं बघण्यात गुंग होतो, त्यामुळं हे माझ्या कानावरून तसंच निघून गेलं. मूर्ती वाळायला वेळ लागला नाही. त्या वर्षी उन्हाची टंचाई कुठं होती? रंगानं मात्र घोळ केला. सणाच्या सकाळी आम्ही मेरीला न्यायला गेलो तर निळा पदर अजून ओलाच. आप्पा म्हणाले, वाऱ्यानं वाळेल. टांग्यात बेबीनं हट्ट धरला, मेरी माझ्याच मांडीवर. शाळेच्या फाटकाशी उतरलो तेव्हा मेरीचा पदर थोडा फिका झाला होता आणि बेबीचे दोन्ही तळहात, फ्रॉकचा पुढचा भाग आणि एक कान निळा झाला होता. शिवाय ती येईल त्याला सांगत होती, "आमची मेरी..." पुढचं ऐकायच्या आत आप्पांनी तिच्या तोंडात लिमलेटच्या गोळ्या कोंबल्या. दोन्ही गाल मोसंब्याएवढे झाले.

मैदानात गंगापूर-वैजापूरकडच्या खेड्यांतली ख्रिस्ती मंडळी जमली होती. बाया डोक्यावर पदर घेऊन ओळीनं बसल्या होत्या. मूर्ती फेरीला निघाली आणि दादांनी डोळे मिटून घेतले. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला, की तिच्या बांगडीचा वण मला वर्षभर पुरला. सगळ्या मैदानासमोरून आमची मेरी निघाली, टपोऱ्या डोळ्यांची, ताठ मानेची, सासरी निघालेल्या पोरीपेक्षा माहेरी आलेल्या बाईच्या तोऱ्यात. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "औंदा माय लई देखणी दिसायलीय बघ." दुसरी म्हणाली, "दुष्काळात बी तब्येत धरलीय तिनं." आणि तिनं मेरीच्या पायांना हात लावून डोळ्यांना लावला. तिच्या पापण्याही निळ्या झाल्या, पण ते कुणी पाहिलं नाही.

फेरी संपल्यावर थोरल्या फादरांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. फादर कोणत्या देशातून आले होते ते तेही विसरले असावेत. तरुणपणापासून खेड्यांत सायकलवर फिरून त्यांची मराठी आमच्यापेक्षा गावरान झाली होती. त्यांचं वय मोजायचा प्रयत्न कुणी करत नसे. आप्पा एवढे पेशकार, पण त्या खोलीत शिरले की हात आपोआप पाठीमागं बांधत आणि नजर जमिनीकडं. टेबलावर मेरी उभी होती. फादरांनी चष्मा चढवला, बेबीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. निळा कान जरा जास्त वेळ पाहिला.

"नाव काय गं तुजं?"

बेबीनं आप्पांकडं पाहिलं. गाल तसेच भरलेले.

"हिला बोलता येत नाय व्हय?" फादरांनी विचारलं.

"येतं," आप्पा म्हणाले. "पण शिस्तीची आहे."

फादरांनी मान हलवली. बाहेर मोटारीचं दार बंद झाल्याचा आवाज आला. आई भिंतीला टेकून उभी होती, दादा टेबलाच्या पायाकडं बघत होते, आणि मला नीतिशास्त्राची सगळी उत्तरं एकदम आठवायला लागली होती, कुणी विचारत नसताना. फादरांनी खिडकीबाहेर पाहिलं, कोरड्या मैदानाकडं, रांगेनं घरी निघालेल्या बायांकडं. मग म्हणाले, "सोमवारपासून पाठवा पोरीला. कान धुऊन."

आईनं पदरानं डोळे टिपले. दादांनी वाकून नमस्कार केला. पाऊस काही त्या दिवशी आला नाही, त्या महिन्यातही नाही. पण आमच्या घरापुरतं विचाराल तर मेरीनं पाण्यात बसल्याचं सार्थक केलं. आम्ही दाराकडं वळलो तेवढ्यात फादर उठले, काठी टेकत मूर्तीजवळ गेले, आणि पुढं वाकून तिचे पाय बराच वेळ न्याहाळत राहिले.

"इनायक," ते म्हणाले. आप्पांना नुसत्या नावानं हाक मारणारं त्या शहरात दुसरं कुणी उरलं नव्हतं. "मागल्या बारीला जोडवी व्हती."

आप्पा वळले नाहीत. हात पाठीमागं बांधलेलेच होते.

"कुंभार बदलला, फादर," ते म्हणाले.